बारा ग्रॅम मीठ

"मी तीस वर्षं बायकोला मासे करून घातले, पण एकदाही चाखून बघितले नाहीत."

हे मुकुंदकाकांचं वाक्य. कोलोनमधल्या मराठी माणसांत ते न ऐकलेला कोणी सापडायचा नाही. गणपतीच्या जेवणाला, दिवाळीच्या फराळाला, कोणाच्या डोहाळजेवणाला, कुठेही चार डोकी जमली की काका विषय स्वयंपाकाकडे वळवायचे आणि हे वाक्य हळूच मध्ये ठेवून द्यायचे. मग बायका म्हणायच्या, "अगंबाई, केवढं ते मन." शेजारी व्हर्नाकाकू काठापदराची साडी नेसून, हातात चिवड्याची ताटली धरून हसत उभ्या असायच्या. त्या जमैकाच्या. मराठी त्यांना येत नव्हतं, पण हे एक वाक्य त्यांना पाठ झालं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

मी अलिबागची. पीएच.डी.साठी कोलोनला आले तेव्हा राहायला जागा मिळेना. काकांच्या फ्लॅटच्या वर, छपराखाली एक खोली होती, तीही त्यांचीच. कोणीतरी त्यांचा नंबर दिला. काका मिरजेचे, एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून सगळी नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, बाहेर कडक ऊन असलं तरी रेनकोट घातलेले. माझ्या आनमेल्डुंगसाठी, म्हणजे इथला पत्ता सरकारदरबारी नोंदवायला, ते माझ्याबरोबर आले. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो आणि मग बाहेर थंडीत उभे राहिलो, कारण वेळेआधी आत शिरणं हाही त्यांच्या मते उशिरा जाण्याइतकाच गुन्हा. परत येताना ट्राममध्ये मला म्हणाले, "तू मासे खातेस ना?"

"काका, अलिबागची आहे. आम्हाला दात येतात ते मासे खायलाच."

"गेनाऊ," काका म्हणाले. त्यांना एखादी गोष्ट पटली की हा जर्मन शब्द तोंडातून निघायचाच. "मग शनिवारी बारा वाजता खाली ये. मला एक जीभ हवी आहे."

शनिवारी गेले तर स्वयंपाकघरात काका कारखान्यातला निळा डगला घालून, कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे चढवून उभे. समोर दोन आख्खे डोराडे, डोक्या-शेपटीसकट. खरं तर या पदार्थाला लाल स्नॅपर लागतो, पण इथे तुर्की मासेवाल्याकडे डोराडे कायम मिळतो म्हणून तोच. लिंबाने धुवायचा, दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्यायच्या, मीठ-मिरपूड चोळून अर्धा तास ठेवायचा आणि भरपूर तेलात कडकडीत तळायचा. दुसऱ्या गॅसवर व्हिनेगर, त्यात कांद्याच्या चकत्या, गाजराच्या काड्या, लवंग आणि मिरी एकत्र कुटल्यासारखा वास येणारे पिमेंटोचे मणी, आणि एवढ्याशा लाल भोपळ्यासारखी दिसणारी ती जहाल मिरची. हे उकळतं पाणी तळलेल्या माशावर ओतायचं आणि मुरू द्यायचं. याला एस्कोविच म्हणतात. जमैकात गुड फ्रायडेला घरोघरी होतो. काकांकडे दर शनिवारी.

कपाटाच्या दाराला आतून एक प्लास्टिकमध्ये बसवलेला कागद. तेल किती, व्हिनेगर किती, तळायची वेळ एका बाजूला साडेपाच मिनिटं. सगळ्यात वर, लाल अक्षरात: मीठ, प्रत्येक माशाला बारा ग्रॅम. पत्रं तोलायचा एक जुना छोटा काटा होता, त्यावर काका मीठ मोजायचे. श्वास रोखून मोजायचे. एखादा दाणा जास्त झाला तर चिमटीने उचलायचे.

ताट माझ्यासमोर आलं. मी पहिला घास घेतला आणि जिभेला मीठच लागलं. थोडंथोडकं नाही, सुक्या मांदेलीसारखा खारट. मागून ती मिरची आली आणि कानशिलं तापली. काका ओट्याला टेकून, हातमोजे तसेच, माझ्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेचा निकाल बघतात तसे.

"छान झालंय, काका."

व्हर्नाकाकूंनी ताटातून मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि माझा पेला पाण्याने काठोकाठ भरला.

आता म्हणाल, खरं सांगायला काय झालं होतं? अहो, परका देश, नवी खोली, आणि घरमालक स्वतः तळून वाढतोय. त्यात आईने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं, कोणाच्या अन्नाला नाव ठेवू नये. म्हणून छान म्हटलं. पण एकदा छान म्हटलं की पुढच्या शनिवारी खारट आहे असं कसं म्हणणार? मग मागचा शनिवार खोटा ठरतो. अशी मी सहा वर्षं दर शनिवारी खोटं बोलले आणि वर तीन-तीन पेले पाणी प्यायले.

काका स्वतः त्या ताटाजवळ बसायचे नाहीत. आम्ही जेवायला सुरुवात केली की ते आवरायला लागायचे. सिंकवर दोन स्पंज, हिरवा माशाच्या भांड्यांचा आणि पिवळा बाकीच्यांचा. एकदा मी चुकून पिवळ्या स्पंजला हात लावला, तर त्यांनी तो उचलून कचऱ्यात टाकला आणि नवा काढला. भांडी झाली की हातमोजे, मग साबणाने हात, मग लिंबाने, मग खळखळून चूळ. तोंडात कणभर गेलेलं नसताना चूळ. मग आंघोळ. मग सव्वा वाजता स्टीलच्या वेगळ्या ताटात वरणभात, लिंबाची फोड आणि तूप. तोवर काकूंचं जेवण आटोपलेलं असायचं. बाकी सहा दिवस ती दोघं एकाच टेबलाशी, एकच भाजी-पोळी जेवायची, हे खरं. पण तिच्या देशाचं जे एक ताट होतं त्याच्यासमोर ती बाई, मुलगी घराबाहेर पडल्यापासून मी येईपर्यंत, एकटी बसत होती.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही न चाखता कसं करता हो?"

तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "अगं, नैवेद्य कोणी चाखून करतं का? आमची आई पुरणावरणाचा स्वयंपाक करायची, पन्नास माणसांचा. जिभेला काही लावायची नाही. आधी देव. मी व्हर्नाला त्या जागी ठेवलंय."

मी हे काकूंना इंग्रजीत सांगितलं. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मध्येच जर्मन. इथे मराठीत लिहिते आहे. काकूंनी शांतपणे तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"देवापुढे ताट ठेवून सगळे निघून जातात," त्या म्हणाल्या. "मला जेवायला सोबत लागते."

काकांना इंग्रजी कळत होतंच. ते हसले आणि मला म्हणाले, "बघ, किती विनोदी आहे."

मी त्यांना वाईट माणूस म्हणून रंगवते आहे असं वाटत असेल तर थांबा. या माणसाने व्हर्नाकाकूंशी लग्न केलं तेव्हा वडिलांनी घराचं दार लावून घेतलं ते कायमचं. बहिणीच्या लग्नाला बोलावलं नाही. काकू इथे वृद्धाश्रमात नर्स होत्या, त्यांच्या रात्रपाळ्यांच्या काळात मायाला, म्हणजे मुलीला, काकांनीच वाढवलं. तिच्या कुरळ्या केसांच्या बारीक वेण्या घालायला शिकले, शाळेच्या फाटकात पोरं तिला काही बोलली तर रेनकोट घालून जाऊन हेडमास्तरांसमोर दहा मिनिटं आधी उभे राहिले. आणि ज्याच्या मिरजेच्या घरात अंडं शिजलं नव्हतं त्याने माशाचं पोट फाडायला शिकून घेतलं. काकूंना मायाच्या वेळी तेलाचा वास सहन होईना, आणि खावासा तर तोच मासा वाटायचा, म्हणून. "उलटी येत होती मला," काका सांगायचे, "पण केला. व्हर्नाला म्हटलं, तू मीठ किती घेतेस ते मुठीत धर. तिने धरलं. मी काट्यावर घातलं. चोवीस ग्रॅम. मासे दोन. झालं, प्रश्न मिटला." कमी का केलंय या माणसाने? कोणाही नवऱ्याला विचारा. पण करणं आणि खाणं यांत एक घासाचं अंतर होतं, आणि ते तीस वर्षांत त्यांनी ओलांडलं नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी काका जुन्या सहकाऱ्यांना भेटायला दोन दिवस म्युनिकला गेले. शनिवारी सकाळी काकूंनी माझं दार वाजवलं. "खाली ये. आज मी करते."

हातमोजे नाहीत, डगला नाही. उघड्या हातांनी त्यांनी मासे धुतले, चिरले, बरणीत हात घालून मूठभर मीठ घेतलं आणि चोळलं. काटा कपाटातच होता. आम्ही चहा प्यायलो. अर्ध्या तासाने त्यांनी एक फडकं ओलं केलं आणि त्या माशांवरचं मीठ पुसून काढायला लागल्या. चिरांमध्ये बोट घालून पुसलं, मग कागदाने कोरडं केलं, आणि मगच मासा तेलात सोडला. मी बघतच राहिले.

तो मासा मी विसरणार नाही. आमच्याकडे ताज्या मासळीला गोड म्हणतात, तसा गोड होता. पाण्याचा पेला मी उचललाच नाही.

"काकू, काका पुसत नाहीत."

"नाही."

"का?"

"त्याने बघितलंच नाही. मूठ तोलली, आकडा लिहिला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. कच्च्या माशाकडे बघवत नव्हतं त्याला. तेल तापल्यावर आत आला. मधलं त्याला माहीतच नाही."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

काकूंनी भाकरीसारखा असतो तो कसाव्याच्या कंदाचा जाड रोट तोडला. त्याचा तुकडा व्हिनेगरात बुडवत म्हणाल्या, "पहिल्यांदा हसू आलं म्हणून. गरोदर बायकोसाठी नवरा ओकाऱ्या आवरत मासा तळतोय, त्याच्या चुका काढायच्या? मग म्हटलं, एक दिवस खाईल. एका घासात कळेल त्याला. मग माझाच हट्ट झाला. मी सांगितलं तर तो कागद बदलेल. बारा खोडून चार लिहील. आणि आयुष्यभर चार ग्रॅम मोजत बसेल."

मग त्यांनी मला सासूची गोष्ट सांगितली. लग्न झाल्यावर वडील बोलेनात, पण आई एका अटीवर फोनवर यायला तयार झाली: केलंस ते केलंस, पण तोंड बाटवू नकोस. काकांनी शब्द दिला. दर रविवारी फोन. आई दर वेळी विचारायची आणि काका दर वेळी नाही म्हणायचे, आणि तेच खरं असायचं. काकूंना हे ठाऊक होतं. मुलाला आई तुटू नये, एवढं त्यांनाही कळत होतं.

"म्हणून मी थांबले," काकू म्हणाल्या. "वर्षानुवर्षं एका म्हातारीच्या मरणाची वाट बघितली मी. चर्चमध्ये बसून वाट बघायचे आणि मग त्याचीच क्षमा मागायचे. ती एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. तो मिरजेला जाऊन पंधरा दिवसांनी परत आला, डोक्यावर केस नव्हते. त्या दिवशी मासा मी केला. दोन ताटं मांडली. तो येऊन बसला, ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, दहीभात आहे का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. सुंभ केव्हाच जळून गेलेला आणि पीळ तेवढा राखून ठेवलेला माणूस मला त्या दिवशी कळला.

"काकू, मी सांगू का त्यांना?"

त्यांनी खांदे उडवले. "तुझी तू ठरव. मी नाही सांगणार."

काका सोमवारी आले. पुढच्या शनिवारी परत निळा डगला, परत काटा. मी ठरवून गेले होते की आज सांगायचं. काका ओट्याला टेकले. मी घास गिळला. छान झालंय, म्हटलं.

नंतर काकूंना रक्तदाबाचा त्रास निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं. काका हे ऐकून पेटून उठले. मिठाची बरणी त्यांनी केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या अडगळीच्या खोलीत, नेऊन ठेवली. वरण अळणी, भाजी अळणी, स्वतःलाही तेच. पावाच्या पाकिटावरचं मीठ वाचून बघायचे. फक्त शनिवारी तळघरात उतरायचे आणि चोवीस ग्रॅम मोजून वर आणायचे. "आठवड्यातून एकदा, मोजूनमापून," ते मला म्हणाले. "तेवढं तिचं सुख. तेवढं चालतं." काकूंचे पाय सुजलेले मला दिसत होते. ताटातल्या माशाची वरची कड त्या बाजूला काढून ठेवायच्या, पण बाकीचा खायच्या. कोणासाठी खायच्या ते मला विचारू नका. हट्ट आणि प्रेम त्या वयात एकाच ताटात कालवलेलं असतं. मी मात्र ना बायको होते ना आई. मला तोंड उघडायला कोणाची हरकत होती? इतक्या वर्षांचं छान छान खोटं पडेल आणि काका दुखावतील, एवढीच माझी अडचण. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी माणूस किती काळ गप्प बसू शकतो, हे माझं मला कळलं.

शरदात काकूंना झटका आला. एका माशाने कोणाला झटका येत नसतो, मला ठाऊक आहे. वय होतं, दाब होता, घराण्यात होतं. हे मी स्वतःला खूपदा सांगितलंय.

उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. रुग्णालयातून त्यांना एका शुश्रूषागृहात हलवलं. जन्मभर ज्या बाईने दुसऱ्यांना चमच्याने भरवलं तिला आता कोणी भरवायला आलं की ती ओठ मिटून घ्यायची. तिथली नर्स म्हणाली, घरचं काही आवडीचं आणून बघा, मऊ कुस्करून. काका त्याच दुपारी तुर्क्याकडे गेले. मासा केला, काटे काढले, व्हिनेगरातल्या कांद्याबरोबर कुस्करला. डबा मांडीवर घेऊन ट्राममध्ये माझ्या शेजारी बसले. दहा मिनिटं आधी पोचलो आणि फाटकाबाहेर उभे राहिलो. मी म्हटलं, "काका, आज तरी आत चला." तर म्हणाले, "भेटीची वेळ तीनची आहे."

माया हॅम्बुर्गहून आली होती, खिडकीशी उभी होती. काकांनी डबा उघडला, चमचा भरला, काकूंच्या तोंडाशी नेला. काकूंनी डाव्या हाताने तो चमचा हळूच परत त्यांच्याकडे ढकलला.

"तू," त्या म्हणाल्या. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "तू आधी."

"मीच केलाय. आपला नेहमीचा."

"तू आधी खा."

मायाला सगळं कळत होतं. ती वडिलांचं मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलगी, तेव्हाही जर्मनमध्येच म्हणाली, "पापा, खा. एक घास आहे. प्लीज."

चमचा काकांच्या हनुवटीपर्यंत गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड काही उघडेना. मग ते माझ्याकडे वळून, बायकोकडे नाही, माझ्याकडे वळून, मराठीत म्हणाले, "आईला शब्द दिलाय गं."

आईला जाऊन पंधरा वर्षं होत आली होती.

आणि त्यांनी तो चमचा माझ्या हातात दिला. "तू खा. तिला दाखव चांगला झालाय म्हणून."

मी खाल्ला. का खाल्ला? नको म्हणता आलं असतं, चमचा परत देता आला असता, डबा खिडकीतून फेकता आला असता. पण सवयीने हात तोंडाकडे गेला, आणि सवयीनेच तोंडातून निघालं, "छान झालंय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कामावरचं माणूस पाळी संपल्यावर बघतं तसं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्या बारा दिवस होत्या; नर्सच्या हातून दही घ्यायच्या, पाणी घ्यायच्या. काका रोज तीन वाजता यायचे, हात धरून बसायचे. डबा पुन्हा कोणी नेला नाही.

अंत्यविधीनंतर मराठी मंडळी घरी आली. कोणीतरी काकांचा हात हातात घेऊन म्हणालं, "तुम्ही त्यांच्यासाठी किती केलंत." आणि काकांनी ते वाक्य म्हटलं. तीस वर्षं. एकदाही चाखलं नाही. बायकांनी डोळे टिपले. माया उठून आपल्या आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

दोन महिन्यांनी मला वाल्डॉर्फला नोकरी लागली. खोलीची किल्ली द्यायला खाली गेले तो शनिवार होता. दारातच तेलाचा वास आला. काका डगला घालून उभे, ओट्यावर एकच मासा, बाजूला काटा. "बरं झालं आलीस," ते म्हणाले. "जाण्याआधी जेवून जा." ताट माझ्यासमोर ठेवलं, ओट्याला टेकले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

त्या क्षणी माझं डोकं सणकलं. सहा वर्षांचं सगळं एकदम तोंडात आलं.

"काका, खारट आहे. नेहमीच खारट होता. बारा ग्रॅम चूक आहे. काकू मीठ चोळून अर्ध्या तासाने पुसून काढायच्या, मग तळायच्या. तुम्ही बाल्कनीत गेला होतात. तुम्ही बघितलंच नाहीत. मायाच्या जन्माच्या आधीपासून तुम्ही त्यांना मीठ खायला घालताय."

काकांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, माझ्या ताटातला माशाचा एक तुकडा बोटांनी मोडला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. जो घास बायको विनवत असताना तोंडात गेला नाही, तो आकडा बरोबर आहे की चूक हे तपासायला गेला. हे मी त्यांना बोलून दाखवणार होते. तेवढं विष माझ्या जिभेवर होतं तेव्हा.

"खारट आहे," काका म्हणाले.

"हो."

"तिने का नाही सांगितलं?"

"तुम्ही एक दिवस खाल आणि तुमचं तुम्हाला कळेल, म्हणून. तीस वर्षं वाट बघत होत्या त्या."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना समजलं, लगेच समजलं, जणू इतकी वर्षं अर्धवट माहीतच होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. खारट आहे हे पहिल्या दिवसापासून. पुसायचं कळलं ते तीन वर्षांपूर्वी."

"म्हणजे तिचा दाब निघाला त्याच्या आधी."

मी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"ती माझी वाट बघत होती," काका म्हणाले. "तू कोणाची वाट बघत होतीस?"